काचेच्या अलीकडची कुंडी

सुयोग पहिल्यांदा घाबरला तो एका फुलाला.

मरोळच्या आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीशी गुलबक्षी होती. सगळी पिवळी. एका संध्याकाळी त्यातलं एक फूल अर्धं पिवळं, अर्धं लाल उमललं. शेजारच्या फुलावर लाल शिंतोडे. सुयोग तेव्हा दुसरीत होता. तो रडत तिसऱ्या मजल्यावर गेला आणि आईला म्हणाला, फुलाला रक्त येतंय.

प्रेमाकाकू हसल्या. मग सगळा मजला हसला. त्या दिवसापासून तो घाबरट सुयोग. मीही तेच म्हणायचो. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्याच्या घराच्या बरोबर खाली.

त्याची भीती आरडाओरडा करायची नाही. तो गप्प व्हायचा आणि कारण शोधत बसायचा. आमची लिफ्ट मध्येच थांबायची. ती का थांबते हे वायरमनकडून समजून घेईपर्यंत तो जिन्याने गेला. समजल्यावर एकटा लिफ्टने जायला लागला. लिफ्ट तशीच थांबत होती.

गुलबक्षीचं कारण त्याला एम.एस्सी.ला मिळालं. वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. पार्ल्याच्या कॉलेजातून तो थेट माझ्याकडे आला. मी आडवा पडून वाचत होतो.

"ते रक्त नव्हतं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"गुलबक्षीचं. झाडाच्या जनुकांमध्ये एक तुकडा असतो, तो एका जागी टिकत नाही. रंगाच्या जनुकात जाऊन बसला की रंग बंद. उठला की रंग पुन्हा सुरू. पाकळी वाढताना तो जिथे उठतो, तिथून पुढचा पट्टा लाल."

"म्हणजे एवढी वर्षं तुला रक्तच वाटत होतं?"

"नाही रे. पण काय होतं ते माहीत नव्हतं ना."

एकाच गोष्टीचं कारण त्याला कधी मिळालं नाही. त्याचे आजोबा गिरणीत होते. वडील इथल्याच औद्योगिक वसाहतीत, धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये. ते पन्नाशीच्या आत फुप्फुसाने गेले. डॉक्टर म्हणाले, कशामुळे ते सांगता येत नाही. मालक म्हणाला, बिड्या ओढायचे. ते बिड्याही ओढायचे. ते वर्कशॉप बंद झालं. पण तसंच दुसरं एक आमच्या इमारतीच्या मागे सुरू झालं, गुलबक्षीच्या भिंतीपलीकडे. सुयोगच्या गॅलरीतून त्याचे पत्रे दिसतात. वारा तिकडून आला की जिभेवर आंबट चव येते.

सुयोग आता अंधेरीला एका क्लासमध्ये बारावीची बायोलॉजी शिकवतो. मुलं त्याच्या हळू बोलण्याची नक्कल करतात. त्याला ते माहीत आहे.

एक झाड त्याला कॉलेजच्या बाईंनी दिलं होतं. निळ्या फुलांचं, गवतासारख्या पानांचं. बागेत शोभेला लावतात. आपल्याकडे त्याला नाव नाही, पुस्तकात ट्रॅडेस्कँशिया. त्याने त्याच्या दोन कुंड्या केल्या. फूल सकाळी उमलतं आणि दुपारी विरघळल्यासारखं मिटतं. पण सुयोग पाकळ्या बघत नसे. त्याने मला भिंगाखाली फुलाचे पुंकेसर दाखवले. त्यांच्यावर बारीक केस होते. प्रत्येक केस म्हणजे पेशींची माळ, एकापुढे एक ओवलेले निळे मणी.

"प्रत्येक पेशीत या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात," तो म्हणाला. "या झाडात एक निळी, एक गुलाबी. निळी धड असेपर्यंत गुलाबी दिसत नाही. निळी मोडली की त्या पेशीत गुलाबी उघडी पडते."

"मोडते कशी?"

"किरणांनी. काही रसायनांनी. हवेत भलतंसलतं असलं तर. अधूनमधून आपली आपणही मोडते."

मी बराच वेळ पाहिलं. निळ्या माळेत एक गुलाबी मणी सापडला.

"हा आज मोडला?"

"नाही. कळी बारीक होती तेव्हा. आठवडा, दोन आठवडे झाले असतील."

"म्हणजे कळतं ते उशिरा."

"उशिराच," तो म्हणाला.

*

नोव्हेंबरात त्याची मोठी बहीण गंधाली बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. तिचा नवरा पुण्याला असतो, शनिवारी यायचा. घरात एकच बेडरूम. ती बाळंतिणीची झाली आणि सुयोग हॉलमध्ये झोपायला लागला. त्याचं भिंग आणि जुना मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर आला. कुंड्या मात्र बेडरूमच्या खिडकीत राहिल्या, काचेच्या आतल्या बाजूला. बाहेर गॅलरीत कबुतरं कळ्या तोडायची.

प्रेमाकाकूंनी गावाहून सुंभाची बाज मागवली होती. रोज आंघोळ झाली की गंधाली बाळाला घेऊन बाजेवर पडायची. खाली शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. त्याला धुरी म्हणतात. बाळंतिणीचं अंग त्याने शेकून निघतं, बाळाला सर्दी होत नाही. दार बंद. वारं लागता कामा नये. सव्वा महिना. आमच्या घरापर्यंत ओव्याचा वास यायचा आणि आम्हाला तो आवडायचा.

डिसेंबरात एका सकाळी सुयोग चार फुलं घेऊन आला. बसला. मी चहा ठेवला. चहा झाला, गार झाला, तरी तो मायक्रोस्कोपवरून उठला नाही.

"बघ," तो म्हणाला.

एका केसात सुरुवात निळी होती आणि पुढची सगळी माळ गुलाबी. दुसऱ्यात मधेच तीन-चार गुलाबी मणी. दिसायला सुंदर होतं. मी तसं म्हणालो.

तो म्हणाला, "बाळ त्याच खोलीत आहे."

मी पुन्हा डोळा लावला.

त्याला संशय एकाच गोष्टीचा होता. आम्हा सगळ्यांना तोच आला असता. तो वर्कशॉपच्या दारात जाऊन उभा राहिला. काय वापरता म्हणून विचारलं. आतला माणूस म्हणाला, मास्तर, आम्ही सकाळपासून इथेच श्वास घेतोय, तुम्ही जा. सुयोग परत आला आणि रुंद टेपचे रोल घेऊन आला. बेडरूमच्या खिडकीच्या सगळ्या फटी त्याने बुजवल्या. सरकत्या काचांमधली फट. वरचा लहान झरोका. एसीसाठी ठेवलेलं भोक, पुठ्ठा लावून. मी टेप कापून देत होतो.

प्रेमाकाकू दारातून बघत होत्या.

"काय चललाहा ह्या?"

"बाहेरची हवा आत यायला नको, आई."

"बरा झाला. मी कवाची सांगतंय, खिडकीतसून वारो येता." मग माझ्याकडे वळून, "केयूर, ह्याका लहानपणी फुलातसून रगात दिसायचा, आता हवेत काय दिसता?"

"काकू, तो खरंच तपासतोय."

"तपास म्हणा. लगीन केल्यान असता तर बायकोन तपासल्यान असता ह्याका."

बाजेवरून गंधाली हसली. बाळ तिच्या कुशीत होतं. तिचे गाल लालसर झाले होते.

"ताई, डोकं दुखतंय अजून?" सुयोगने विचारलं.

"दुखतं रे. झोप कुठे होते. तुझी भाची सगळ्यांना कामाला लावते."

"बाळंतपणात दुखताच," काकू म्हणाल्या. "तोंडावर तेज बघ तिच्या. धुरयेचा तेज ता. गुलाबासारखी झाली."

कुंड्यांचं सुयोगने एक केलं. एक आतच ठेवली, काचेच्या अलीकडे. दुसरी बाहेर गॅलरीत, काचेच्या पलीकडे, वर जाळी बांधून. वर्कशॉपच्या तोंडावर. दोन्ही एकाच झाडाच्या. मध्ये फक्त काच.

"बाहेरची गुलाबी व्हायला लागेल, आतली निळी होत जाईल," तो म्हणाला. "मग मी ते घेऊन जाईन सगळीकडे. पालिकेत, कुठेही."

"आणि कधी कळेल?"

"नवीन कळ्या उमलायला दोन आठवडे."

ते दोन आठवडे त्याच्याकडे बघवत नव्हतं. क्लासला जायचा, यायचा. बाळ रडलं की उठायचा, रडायचं थांबलं तरी उठायचा. वडिलांच्या वेळी आपण लहान होतो, आपल्याला काही कळत नव्हतं, असं एकदा म्हणाला. गंधालीला उलट्या झाल्या. काकूंनी पथ्य बदललं. बाळ फार झोपायला लागलं. काकू म्हणाल्या, किती शहाणं पोर. थंडी वाढली तसे निखारेही वाढले.

*

तो रविवार होता. गंधालीचा नवरा आदल्या दिवशी येऊन गेला होता. सुयोगने सकाळीच दोन्ही कुंड्यांवरची फुलं खुडली, दोन वाट्यांत ठेवली आणि खाली आला. वाट्यांना त्याने चिठ्ठ्या लावल्या होत्या. आत. बाहेर.

"आधी बाहेरचं बघतो," तो म्हणाला. चिमट्यात पुंकेसर धरायला त्याला वेळ लागला.

तो बघत राहिला. काचपट्टी बदलली. पुन्हा बघितलं. वरून बादलीचा आवाज येत होता, काकू बाळाला आंघोळ घालत होत्या. बाळ जरा रडलं. मग ओव्याचा वास आला. तासभर तो एकेक केस मोजत राहिला.

"निळं आहे," सुयोग म्हणाला.

"म्हणजे?"

"बाहेरचं निळं आहे. सगळं. एखादा मणी असेल नसेल."

"मग चांगलं आहे ना?"

त्याने दुसऱ्या वाटीतलं फूल घेतलं. या वेळी फार वेळ लागला नाही. त्याने मान वर केली आणि मला मायक्रोस्कोपकडे ढकललं.

निळं शोधावं लागत होतं.

"चिठ्ठ्या उलट्या लागल्या असतील," मी म्हणालो.

"नाही."

"मग आत काय आहे? आत तर काहीच—"

मी थांबलो. तो वर बघत होता. आमच्या छताकडे. जिन्यातून ओव्याचा वास खाली येत होता. बाळाचं रडणं थांबलेलं होतं.

"धूर," तो म्हणाला. "केयूर, धूर. आणि मी खिडकी बंद केली."

आम्ही जिन्याने पळालो.

घराचं दार उघडंच होतं. काकू स्वयंपाकघरात मिक्सर लावून खोबरं वाटत होत्या. सुयोगने बेडरूमच्या दारावर हात मारला. आतून कडी. बाळाला पाजताना गंधाली कडी लावायची.

"ताई. कडी काढ."

मिक्सर थांबला. काकू पदराला हात पुसत आल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"निजली असतली. वारो लागात पोराक. थांब जरा."

"आई, बाजूला हो."

"तुझ्या टायमाकय धुरी होती. मेलंस काय?"

"आपलं गावचं घर कौलांचं होतं, आई. वरून धूर जायचा."

तो हे अगदी हळू बोलला, क्लासमध्ये बोलतो तसं. काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. त्या वळल्या आणि स्वतःच दार ठोठावू लागल्या. "गंधाली. गो गंधाली. बाय माझ्या."

आत काहीच हललं नाही.

मी खांदा लावला. दार जुन्या सागाचं, हललं नाही. सुयोग माझ्या बाजूला नव्हता. तो गॅलरीत गेला होता. मी पोचलो तेव्हा त्याने जाळी फाडून कुंडी उचलली होती. बाज भिंतीच्या त्या टोकाला होती. त्याने काचेच्या या टोकावर कुंडी घातली. एकदा. पुन्हा एकदा. काच गेली, कुंडी फुटली, माती त्याच्या पायावर पडली. त्याने भोकातून हात घातला, टेप ओरबाडला, काच सरकवली आणि तो आत शिरला.

आतून गरम हवा तोंडावर आली. धूर फारसा नव्हता. मला ते अजून आठवतं. धूर थोडाच होता. निखारे मात्र लाल होते, आणि ओव्याचा तो चांगला वास.

गंधाली कुशीवर होती. डोळे अर्धे उघडे. बाळ तिच्या हातावर. दोघींचे चेहरे गुलाबी. झोपलेल्या, तब्येतीने उत्तम वाटाव्यात अशा. सुयोगने बाळ उचललं तेव्हा त्याची मान मागे पडली.

त्याने बाळ खिडकीतून माझ्या हातात दिलं.

मी बाळाला घेऊन गॅलरीच्या कठड्याशी उभा होतो. समोर वर्कशॉपचे पत्रे. आंबट वास येत होता. मी बाळाचं तोंड त्या वासाकडे केलं, कारण तीच हवा होती. बाळ श्वास घेतंय की नाही हे मला कळत नव्हतं. मी त्याच्या तळपायाला चिमटा काढला, पुन्हा काढला. मग ते बारीक, दुखावल्यासारखं रडलं.

*

हॉस्पिटलमध्ये दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा वायू, त्याला वास नसतो, आणि त्याने माणूस उलट गुलाबी, तजेलदार दिसतो. बंद खोलीत शेगडी पेटवायची नाही, हे त्यांनी आम्हाला तीन प्रकारे सांगितलं. अजून थोडा वेळ गेला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. संध्याकाळी गंधाली बोलली. पाणी मागितलं. आणि बाळ कुठे आहे विचारलं.

सुयोगच्या हाताला टाके पडले होते. तो डॉक्टरांच्या मागे गेला.

"पुढे काही राहील का? बाळाला?"

"सध्या ठीक आहे. लक्ष ठेवा."

"कशावर?"

"दूध पिते का. मान धरते का. हसते का वेळेवर."

"आणि आत? पेशींत?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ते असं बघता येत नाही," ते म्हणाले. "घरी जाऊन झोपा."

बाळ घरी आलं. काकूंनी शेगडी मोडीत दिली. बाज गॅलरीत उभी करून ठेवली. त्या कमी बोलायला लागल्या. सुयोगला त्या काही म्हणाल्या नाहीत, सुयोगही त्यांना काही म्हणाला नाही. बेडरूमच्या खिडकीला नवी काच बसली, पण ती कुणी सरकवून बंद करत नव्हतं. थंडी आत यायची. वर्कशॉपचा वासही यायचा. सुयोग खिडकी आणि पाळण्याच्या मध्ये खुर्ची टाकून बसायचा. वास आला की खिडकीकडे हात न्यायचा आणि मागे घ्यायचा. क्लासला त्याने रजा टाकली होती.

"बाहेरचं निळं होतं ना रे?" मी एकदा म्हणालो. "मग बाहेरून धोका नाही."

"झाडाला नाही दिसला," तो म्हणाला. "बाबांना झाला होता."

आतली कुंडी वाचली होती. तिला रोज फुलं येत होती. सुयोग ती खुडत नव्हता. मायक्रोस्कोप माझ्याच टेबलावर होता, त्याने तो मागितला नाही. एक दिवस प्रेमाकाकू फूल घेऊन खाली आल्या. पहिल्यांदाच माझ्या घरी खुर्चीवर बसल्या.

"त्या दिवसाचा फूल आता येतला, असा तो बोललेलो. ह्या त्याच दिवसाचा काय?"

मी दिवस मोजले. "असेल, काकू."

"दाखव माका."

मला जमतं तसं मी पुंकेसर काढून काचपट्टीवर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि डोळा लावला. कुठे बघायचं ते मी सांगितलं. त्या खूप वेळ बघत होत्या.

"गुलाबी ता मोडलेला?"

"हो."

"सगळाच गुलाबी आसा."

"हो."

"माका वाटला, तेज इला." त्यांचा डोळा तिथेच होता. "मी सगळ्यांका बोलवून दाखवलंय. बघा, धुरयेन कशी गुलाबी झाली."

त्यांनी वाटी उचलली, फूल त्यात ठेवलं आणि वर गेल्या.

थोड्या वेळाने मीही गेलो. खिडकी उघडी होती. वर्कशॉपमध्ये पत्रा ठोकत होते. गंधाली पाय दुमडून बसून बाळाला तेल लावत होती. बाळ जागं होतं, मुठी तोंडाकडे नेत होतं, हातपाय झाडत होतं. बघून बरं वाटावं असं. सुयोग खुर्चीवरून उठून खाली बसला. त्याने बाळाचं पाऊल टाके पडलेल्या हातात धरलं आणि टाच उजेडाकडे वळवली.

"केयूर," तो म्हणाला. "बघ जरा."

"काय?"

"हिचा रंग. असाच असतो ना?"

मी वाकलो. टाच गुलाबी होती. लहान बाळांची असते तशी. मला तेच सांगायचं होतं. पण गंधालीचा हात थांबला होता, आणि दारात काकू उभ्या होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी टाचेकडे बघत राहिलो. किती गुलाबी म्हणजे बरोबर, ते मला माहीत नव्हतं.